स्वस्त मेटल डिटेक्टर आणि जमिनीतले अवशेष : एक आढावा

जमिनीत पुरलेले किंवा हरवलेले धातूचे जुने अवशेष मेटल डिटेक्टरने शोधणे हा युरोप-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलेला छंद आहे. भारतात तो उशिरा आला आणि आला तो ऑनलाइन खरेदीच्या वाटेने. एके काळी लष्कर, पोलीस आणि भूगर्भतज्ज्ञ यांच्यापुरते असलेले हे यंत्र आता काही हजार रुपयांत घरपोच मिळते. सर्वांत खाली चिनी बनावटीची साधी मॉडेल्स, त्यांच्यावर गॅरेट, माइनलॅब यांसारख्या कंपन्यांची प्राथमिक यंत्रे आणि सर्वांत वर लाखाच्या पुढची, अशी बाजाराची उतरंड आहे. यंत्र स्वस्त झाल्याने एक जुना वाद नव्याने उभा राहिला. जमिनीतला वारसा शोधण्याचा अधिकार कोणाला, सापडले तर ते कोणाचे, आणि हौशी माणसाच्या हातातले हे यंत्र इतिहासाला मदत करते की त्याची नासाडी करते?

हा प्रश्न तपासायला पालघर जिल्ह्यातील सरावली हे ठिकाण सोयीचे आहे. बोईसरला लागून असलेल्या या गावाच्या एका अंगाला तारापूर औद्योगिक वसाहत आहे. पश्चिमेला चिंचणी, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे अशी किल्ल्यांची आणि जुन्या बंदरांची किनारपट्टी आहे. पूर्वेला आसावा किल्ल्याचा डोंगर. जमिनीत भंगारही भरपूर आणि इतिहासही भरपूर, अशी ही जागा आहे. स्वस्त डिटेक्टरला या दोहोंतला फरक कितपत कळतो, इथून सुरुवात करावी लागते.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

डिटेक्टरच्या टोकाला ताटाएवढी गोल कॉइल असते. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो आणि खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवरे प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत येते आणि यंत्र आवाज करते. परत आलेला सिग्नल किती उशिराने आला यावरून धातू लोखंड आहे, तांबे आहे की चांदी, याचा अंदाज बांधला जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी असेच उपकरण वापरून पाहिले होते; खाटेतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ केला, असे सांगितले जाते. सभोवतालच्या धातूचा घोळ हे या यंत्राचे जन्मजात दुखणे आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधण्यासाठी केलेले उपकरण एल अलामेनच्या लढाईत वापरले गेले आणि युद्धानंतर त्या प्रकारची यंत्रे नागरी बाजारात आली.

स्वस्त आणि महाग यंत्रांतला फरक जाहिरातीत सांगतात तेवढा खोलीचा नसतो. कॉइलचे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते आणि परतीचा प्रतिसादही घनाने. त्यामुळे कॉइलच्या मानाने वस्तू दूर असली, तर तिची खोली दुप्पट होताच सिग्नल सुमारे चौसष्टपट कमी होतो. साधे यंत्र शिवराईएवढे तांब्याचे नाणे अनुकूल मातीत वीतभर खोलीवर पकडते. दसपट किमतीचे यंत्र ते दसपट खोल पकडत नाही. महाग यंत्राचा खरा फायदा वेगळा आहे. ते मातीचा स्वतःचा आवाज वेगळा काढते, एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालते आणि ओल्या खाऱ्या वाळूत गोंधळत नाही. पालघरच्या किनाऱ्यावर हाच मुद्दा कळीचा ठरतो. भरतीच्या पट्ट्यातली खारी वाळू वीजवाहक असते, काळ्या पाषाणाच्या मातीत मॅग्नेटाइटचे कण असतात आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात उच्चदाबाच्या वाहिन्यांचे जाळे आहे. या तिन्हींमुळे एका वारंवारितेवर चालणारे स्वस्त यंत्र काही नसतानाही बोलत राहते.

भंगाराची अडचण आणखी वेगळी. खिळे, तारा, बाटल्यांची झाकणे यांचा आवाज बंद करण्यासाठी यंत्रावर डिस्क्रिमिनेशनची सोय असते. ती चढवली की खिळा गप्प होतो, पण लोखंडी बाणाचे टोक आणि खंजिराचे गंजलेले पातेही गप्प होते. पातळ सोन्याचा दागिना आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांचे सिग्नल तर बहुधा एकमेकांत मिसळतात. आणि जे धातूचे नाही ते या यंत्राला दिसतच नाही. खापरे, मणी, विटा, हाडे, जळके धान्य हा पुरातत्त्वाच्या पुराव्याचा फार मोठा भाग डिटेक्टरच्या हिशेबी शून्य असतो. वस्तीचे थर कित्येक फूट खोल जातात आणि यंत्र प्रामुख्याने नांगरटीचा वरचा थर वाचते, हेही लक्षात ठेवायला हवे.

या पट्ट्याच्या जमिनीत काय निघाले आहे

पालघर जिल्ह्यातला सर्वांत गाजलेला शोध डिटेक्टरशिवाय लागला. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या ‘बुरुड राजाच्या कोटा’त, म्हणजे स्तूपाच्या टेकाडात, खोदकाम केले. आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक मिळाले. सर्वांत आत सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते आणि तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती होत्या. नाणे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या. हा स्तूप मधल्या काळात पुन्हा उघडला गेला असावा हा निष्कर्ष दोन्ही वस्तू एकाच पेटीत, एकाच नोंदीत आल्या म्हणूनच निघू शकला. मूर्ती एकाने आणि नाणे दुसऱ्याने विकले असते तर तो निघाला नसता. याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये मिळाला; दोन्ही दगडी असल्याने कुठल्याही मेटल डिटेक्टरला ते सापडले नसते.

सरावलीच्या अधिक जवळचे उदाहरण चिंचणीच्या ताम्रपटांचे आहे. गेल्या शतकाच्या मध्याला उजेडात आलेले हे ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यांतल्या इ.स. ९२६ च्या दानपत्रात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजान मंडळाचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता असे येते. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. मठाला दिलेल्या दानाचा हा कागद, आणि मधला कारभारी अरब मुसलमान. दहाव्या शतकातल्या कोकणाबद्दल हजार तर्कांपेक्षा हे तांब्याचे पत्रे अधिक सांगतात. डिटेक्टरला असे ताम्रपट नाण्यापेक्षा सहज लागतील, कारण त्यांचा आकार मोठा असतो. आणि भंगाराच्या काट्यावर गेले तर ते तांब्याच्या भावाने जातील.

तिसरा थर वसईच्या मोहिमेचा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू आणि तारापूर ही ठाणी पोर्तुगीजांकडून घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. त्यानंतर वसईला वेढा बसला आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. शिशाच्या गोळ्या, तोफगोळे, पट्ट्यांची बक्कले, पोर्तुगीजांची हलक्या धातूची बाजारी नाणी, मराठ्यांच्या शिवराया असा या काळाचा ऐवज जमिनीच्या वरच्या थरातच राहण्याचा संभव जास्त. म्हणजे स्वस्त डिटेक्टर ज्या थरात चालतो, नेमक्या त्याच थरात.

गुप्तधनाची वाट

महाराष्ट्रात डिटेक्टर आला तो कोऱ्या पाटीवर नव्हे. गुप्तधनाची समजूत इथे जुनी आहे आणि तिने माणसांचे आणि प्राण्यांचे बळी घेतले आहेत. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते या समजुतीपायी पायाळूंना हेरले जाते. मांडूळ सापाची तस्करी चालते ती त्याच भ्रमावर. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू आणि गुप्तधन यांच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा समावेश आहे. अलीकडे मांत्रिकाच्या जोडीला यंत्रही दिसू लागले आहे. लिंबू आणि कॉइल एकाच पिशवीतून निघावे, अशी ही जोडी आहे.

या भ्रमाला सरकारी यंत्रणाही अपवाद नव्हती. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातील डौंडिया खेडा येथे एका साधूच्या स्वप्नात एक हजार टन सोने दिसल्याच्या चर्चेनंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम केले. सोने निघाले नाही. मार्च २०२५ मध्ये मोगलांच्या बऱ्हाणपूरची लूट दाखवणाऱ्या ‘छावा’ चित्रपटानंतर मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत, रात्री मोबाइलच्या उजेडात लोक सोन्याच्या नाण्यांसाठी माती उकरू लागले. त्यांच्यातल्या काहींच्या हातात डिटेक्टर होते. महामार्गाच्या कामातून शेतात टाकलेल्या मातीत मोगलकालीन नाणी असल्याची बोलवा होती. प्रशासनाला तिथे हस्तक्षेप करावा लागला. या वादाचे भारतातले हे बहुधा सर्वांत बोलके प्रकरण आहे: अवशेषांचा शोध आणि धनाचा शोध यांतली रेघ जमावाच्या हातात यंत्र गेल्यावर टिकत नाही.

याच बाजारात सरळ फसवणूकही आहे. दूरवरचे सोने दाखवणारे अँटेनाधारी ‘लाँग रेंज लोकेटर’ आणि तांब्या-इरिडियमचे चमत्कारी भांडे म्हणून खपवला जाणारा ‘राइस पुलर’ यांना भौतिकशास्त्राचा कसलाही आधार नाही. एडीई-६५१ नावाचे बनावट स्फोटक-शोधक उपकरण इराकसारख्या देशांना विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या उपकरणाचे मूळ गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यात होते. खरा डिटेक्टर कॉइलखालच्या जमिनीबद्दलच बोलतो. त्यापलीकडचे आश्वासन देणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी महागच.

कायद्याची चौकट

भारतात या विषयाला लागू होणारे प्रमुख केंद्रीय कायदे तीन. १८७८ चा निखात निधी अधिनियम, १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, आणि १९७६ पासून अमलात आलेला १९७२ चा पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम. राज्याचा १९६० चा स्मारकविषयक अधिनियम त्यांच्या जोडीला आहे. तिन्ही केंद्रीय कायद्यांच्या मजकुरात मेटल डिटेक्टरचा उल्लेख नाही. कायदे खणण्याबद्दल, सापडलेल्या वस्तूबद्दल, विक्रीबद्दल आणि निर्यातीबद्दल बोलतात. शोधण्याच्या साधनाबद्दल नाही.

१८७८ च्या कायद्यात जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कशातही दडलेली मूल्यवान वस्तू म्हणजे निधी. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडला तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि तो ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तसा जामीन द्यायचा. न कळवल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येतो. कागदावर ही तरतूद बरीच उदार आहे. व्यवहारात मात्र सापडणाऱ्याची पहिली गाठ पोलिसांशी पडते. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये बांधकामाच्या मातीत मजुरांना मिळालेली २१६ सोन्याची नाणी उजेडात आली ती पोलिसांनी ताब्यात घेतल्यावरच. नाणी मुकाट्याने वाटून घेणे आणि कायद्याने मिळणारा मोठा वाटा गमावणे, असे अशा प्रकरणांत वारंवार घडते, कारण तो वाटा आहे हेच कोणाला माहीत नसते.

१९५८ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. १९७२ च्या कायद्यात हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खोदता येत नाही आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वसईचा किल्ला या कक्षेत येतो. पालघरचे कित्येक डोंगरी किल्ले वनजमिनीवर असल्याने तिथे वनकायदाही लागतो आणि जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र असल्याने जमिनीवर स्थानिक ग्रामसभेचा शब्दही असतो. वारल्यांची देवस्थाने, वीरगळ आणि वाघदेवाच्या जागा हा तर कायद्याइतकाच गावाच्या मर्जीचा विषय आहे.

पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप

पुरातत्त्वज्ञांचा मुख्य मुद्दा वस्तूच्या चोरीचा नाही, संदर्भाच्या नाशाचा आहे. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी, कुठल्या स्थितीत होती हे कळले तर ती साक्ष देते. उपसून काढली की ती नुसती वस्तू उरते.

या म्हणण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक पुरावा प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यवस्तू मिळाल्या: बैलगाडीसारखा रथ आणि त्यावरचा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. भारतीय कांस्यकलेतला हा अजोड ठेवा. पण तो रीतसर उत्खननात निघाला नाही, त्यामुळे त्याचा काळ वादग्रस्त राहिला. म. के. ढवळीकर आणि इतरांनी तो उत्तर हडप्पा काळातला मानला, डी. पी. अग्रवाल यांनी धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक असल्याकडे बोट दाखवून त्या काळाबद्दल शंका घेतली, कारण त्या काळच्या इथल्या इतर तांब्याच्या वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. शं. अ. साळी यांच्या नेतृत्वाखाली पुढे १९७५ ते १९७९ मध्ये स्थळाचे सविस्तर उत्खनन झाले, तरी मूळ खड्ड्याची साक्ष परत मिळाली नाही. इथे शेतकऱ्याचा दोष नव्हता. पण हेतू निर्दोष असूनही एका खड्ड्याने काळाचा असा वाद मागे ठेवला, तर जाणूनबुजून पाडलेल्या शेकडो खड्ड्यांचे काय, हा पुरातत्त्वज्ञांचा प्रश्न टाळता येत नाही.

उलट बाजूने जोगलटेंभीचा निधी आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. क्षहरातांचा पराभव करून त्यांचेच चलन सातवाहनांनी वापरात आणले, हे या ठेव्याने सिद्ध केले. सुटे एक नाणे अपवाद म्हणून सोडून देता आले असते. निधी एकसंध राहिला म्हणून इतिहास बदलला.

हौशी शोधकांची बाजू

हौशी शोधक या आक्षेपाला दोन उत्तरे देतात. पहिले असे की नांगरट झालेल्या वरच्या थरात संदर्भ आधीच विस्कटलेला असतो, आणि ट्रॅक्टर, जेसीबी आणि रासायनिक खते तिथल्या धातूचा दरवर्षी नाश करत आहेत. बोईसर-तारापूर पट्ट्यात, जिथे चाळी, गाळे आणि इमारतींचे पाये सतत खणले जात आहेत, हा युक्तिवाद हलक्यात घेता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशात अव्वल प्रदूषित ठरलेल्या या औद्योगिक परिसराच्या मातीत पडून राहणे म्हणजे जतन होणे नव्हे.

दुसरे उत्तर हौशींच्या कामगिरीचे, आणि ते महाराष्ट्रात विशेष जड आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी आपल्या गावच्या टेकाडांवर, पांढरीवर आणि नदीकाठी मिळणारी नाणी, मणी, मूर्ती वर्षानुवर्षे जमवली. आज दोन्ही ठिकाणी त्यांच्या नावाची शासकीय वस्तुसंग्रहालये आहेत. सातवाहनकालीन नाण्यांबद्दल जे कळले आहे त्यातला मोठा भाग पहिल्या पावसानंतर पृष्ठभागावर नाणी वेचणाऱ्या माणसांमुळे आणि त्यांच्याकडून ती घेणाऱ्या संग्राहकांमुळे कळला, हे नाणकशास्त्राचे अभ्यासकही मान्य करतात. अर्थात लामतुरे यांनी पृष्ठभागावरचे वेचले. यंत्राने टिपून, ठिकठिकाणी खड्डे पाडून काढलेले नव्हे. हा फरक हौशींच्या बाजूने बोलताना बहुधा गाळला जातो.

तरीही यंत्र आणि विज्ञान एकत्र येऊ शकतात याचे परदेशी दाखले भक्कम आहेत. जर्मनीत काल्क्रीसे येथे १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने परवानगी घेऊन डिटेक्टर फिरवला. त्याला रोमन नाणी आणि गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, त्याने प्रत्येक जागेची नोंद ठेवली आणि इ.स. ९ मधल्या रोमन सैन्याच्या पराभवाच्या रणभूमीचा माग लागला. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्वतःच हौशी डिटेक्टरवाल्यांना बोलावले. प्रत्येक गोळी आणि काडतूस नकाशावर मांडून १८७६ च्या लढाईत कोण कुठून कुठे सरकले हे दाखवले. लढाई काही तासांत होते आणि तिचा धातू उथळ, विखुरलेला पडतो. नेहमीच्या चौकोनी उत्खननाला तो सापडत नाही. तारापूर, माहीम आणि वसईच्या १७३९ च्या रणभूमीला हीच पद्धत लावता येण्याजोगी आहे. या विषयात डिटेक्टरचा सर्वांत सबळ उपयोग तोच दिसतो, आणि तो एकट्या हौशीचा नसून संघाचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाने साष्टीच्या अन्वेषणात विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांना कामाला लावून असा संघ उभा राहतो हे दाखवलेही आहे, जरी तिथे भर पायी पाहणीवर होता.

इतर देशांचे मार्ग

ब्रिटनमध्ये १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरविरोधी मोहीम उघडली आणि ती फसली. छंद थांबला नाही, फक्त दोन बाजूंचे बोलणे थांबले. पुढे १९९६ चा निधी कायदा आणि १९९७ पासूनची ऐच्छिक नोंदणी योजना आली. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले संपर्क अधिकारी हौशींच्या वस्तू पाहतात, नोंदवतात आणि बहुतेक वेळा परत देतात. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू अशा नोंदल्या गेल्या. २००९ चा स्टॅफर्डशरचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा ठेवा एका बेरोजगार माणसाला जुन्यापुराण्या डिटेक्टरने सापडला आणि ३२ लाख ८५ हजार पौंडांचे मोल त्याच्यात आणि शेतमालकात वाटले गेले. योजनेचे टीकाकार याकडेही बोट दाखवतात: एवढे बक्षीस दिसल्यावर छंदाचे धनशोधात रूपांतर होते आणि ठेवे लपवणाऱ्यांचे खटलेही ब्रिटिश न्यायालयांत चालले आहेत.

आयर्लंडने उलटी दिशा घेतली. १९८० मध्ये डेरिनाफ्लान येथे डिटेक्टरने मध्ययुगीन चर्चची मौल्यवान भांडी निघाली, मालकीचा दीर्घ खटला झाला आणि १९८७ च्या दुरुस्तीने पुरावस्तूंच्या शोधासाठी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणेच गुन्हा ठरले. फ्रान्सनेही १९८९ पासून पूर्वपरवानगी बंधनकारक केली. डेन्मार्क मधोमध आहे: मौल्यवान पुरावस्तू राष्ट्राच्या, सापडणाऱ्याला बक्षीस, आणि २०१८ पासून नोंदीसाठी सार्वजनिक डिजिटल व्यवस्था. तिन्ही वाटांपैकी कुठलीही भारताला जशीच्या तशी लागू होणार नाही. ब्रिटिश योजना पगारी संपर्क अधिकाऱ्यांवर उभी आहे, आणि आयरिश बंदी कमी लोकसंख्येच्या छोट्या देशातली आहे.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न दडवलेले आणि हरवलेले यांतला. १८७८ चा कायदा दडलेल्या वस्तूबद्दल बोलतो. बाजारातून परतताना कोणाच्या कनवटीतून पडलेली शिवराई निधी आहे का? हंड्यासाठी लिहिलेल्या कायद्यात सुट्या नाण्याला जागा धूसर आहे, आणि स्वस्त डिटेक्टरला सापडते ते बहुतांशी सुटेच.

दुसरा प्रश्न संरक्षित नसलेल्या जमिनीचा. स्वतःच्या किंवा मालकाच्या परवानगीने दुसऱ्याच्या शेतात यंत्र फिरवणे, वीतभर खड्डा करून धातू काढणे हे पुरातत्त्वीय उत्खनन ठरते का, याचे स्पष्ट उत्तर सध्याच्या तरतुदींत मिळत नाही. काहींना हे मौन म्हणजे मोकळीक वाटते, तर इतरांना ती नुसती राहून गेलेली तरतूद वाटते. साधनावर बंदी घालावी असे म्हणणाऱ्यांपुढेही अडचण आहे. हेच यंत्र विहिरीत पडलेली मोटार, शेतात हरवलेले मंगळसूत्र आणि बांधकामातली सळई शोधण्यासाठी रोज वापरले जाते.

तिसरा प्रश्न सर्वांत व्यावहारिक आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा. छोटी, कमी किमतीची, पण ऐतिहासिक मोलाची वस्तू प्रामाणिक माणसाने न्यायची कुठे? तिच्यासाठी तालुक्याच्या पातळीवर नोंद करणारा, ओळखून सांगणारा आणि भीती न घालणारा जाणकार नेमलेला नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय आहे, विद्यापीठांचे विभाग आहेत. पण सरावलीतल्या शेतकऱ्याला हे पत्ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला ठाऊक असतो तो भंगारवाला आणि सराफ. बंदी की मोकळीक या वादात दोन्ही बाजू ही पोकळी सोडून बोलतात, आणि जोवर ती भरत नाही तोवर कायदा कडक केल्याने वस्तू दिसेनाशा होतील, सैल केल्याने विकल्या जातील.

तोवर लागू आहे ते १८७८ चेच कलम ४. सरावली-बोईसर परिसरात नांगरताना, पाया खणताना किंवा डिटेक्टरच्या आवाजावरून जुनी धातूची वस्तू हाती आली तर ती घासू-धुऊ नये, जागेची खूण आणि छायाचित्र ठेवावे, पुढचे खणणे तिथेच थांबवावे आणि वस्तूचे वर्णन, अंदाजे मोल, जागा आणि तारीख लिहून पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. त्या कलमातली दहा रुपयांची मर्यादा १८७८ पासून केंद्रीय कायद्यात तशीच आहे. त्यामुळे आजच्या बाजारात जवळजवळ प्रत्येक जुने नाणे तिच्या वर जाते.